निळ्या खुणा आणि कायद्याचा हात

आज आपल्याला शब्दप्रमाणाबद्दल बोलायचं होतं. विषय तोच आहे, फक्त उदाहरणं मोबाइलमधून घेऊ.

‘आजपासून नवा कायदा. ग्रुपमध्ये कुणी वावगं टाकलं तर अ‍ॅडमिनला अटक.’ हा मजकूर तुम्हालाही आला असेल. खाली ना कलम, ना तारीख. न्यायशास्त्र अशा वेळी विचारतं, सांगणारा ‘आप्त’ आहे का? म्हणजे त्याला विषय ठाऊक आहे का, आणि खरं तेच सांगायची त्याची इच्छा आहे का? आपण मात्र विचारतो, पाठवलं कुणी? बँकेतल्या काकांनी? मग खरंच असणार! आप्त याचा अर्थ आपण नातेवाईक असा करून टाकला आहे.

गोंदिया जिल्ह्यातलं असंच एक प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. एका सदस्याने महिला सदस्येबद्दल अश्लील भाषा वापरली आणि अ‍ॅडमिनने त्याला ग्रुपमधून काढलं नाही, अशी तक्रार होती. २०२१ मध्ये न्यायालयाने अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेली योजना दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही. पण हा निकाल किती ग्रुपांवर फिरला? भीती पुढे ढकलणं सोपं असतं, निकाल वाचावा लागतो.

याचं खापर एकट्या लोकांवर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या, एवढंच. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. जे कलम उरलंच नाही, ते राबवणारेही गैरसमजातच होते. फरक इतकाच की त्यांच्या गैरसमजाची किंमत दुसऱ्याने मोजली.

आता उलट बाजू. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोटिशीला काही अर्थ नसतो,’ असं आपण बेधडक सांगतो. तेही चूक. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस पोहोचली असं मानलं. निळ्या खुणा दिसत होत्या, फाइल उघडलेली होती. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपने बजावू नका. हा विरोध आहे का? नाही. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष झालं तर अटक होऊ शकते. जिथे माणसाचं स्वातंत्र्यच पणाला लागतं, तिथे निळी खूण पुरत नाही. कायदा साधनाकडे पाहण्याआधी परिणाम किती गंभीर आहे ते पाहतो. आपण नेमकं हेच पाहत नाही.

आणि म्हणूनच ‘डिजिटल अटक’ आपल्याला खरी वाटते. आमच्या परिचयातल्या एक निवृत्त शिक्षिका दीड दिवस फोनसमोर बसून होत्या. पडद्यावर गणवेश होता, मागे राजमुद्रा. दार उघडं होतं, शेजारी घरात होते. बाईंनी कुणाला हाक मारली नाही. आयुष्यभराची शिल्लक गेली. त्याहून वाईट म्हणजे, ‘मी एवढी शिकलेली असून’ हे वाक्य त्यांच्या तोंडून अजून जात नाही.

कायद्यात अशी अटकच नाही. संहितेचं कलम ४३ वाचा. अटक करणाऱ्याने शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा ते अडवून धरलं पाहिजे. अपवाद एवढाच, की माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वतःच ताब्यात आला तर याची गरज नाही. जुन्या संहितेतही हेच होतं. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. कायद्याचे हात लांब असतात असं आपण म्हणतो; पण पडद्यातून बाहेर येण्याइतके लांब नसतात. भामट्याला स्पर्श करता येत नाही. त्याला हवी असते आपली शरणागती, आणि ती आपण नुसत्या शब्दावर देतो.

का देतो? कारण लहानपणापासून आपण कायदा शिकलो तो ‘पोलीस येईल हं’ या वाक्यातून. कायदा म्हणजे आपल्याला धरणारा हात, एवढंच मनात बसलं. तो त्या हातालाही बांधतो, हे कुणी सांगितलं नाही. आम्हीही चाळीस वर्षं शब्दप्रमाण शिकवलं, पण वर्गात कधी एखादं कलम वाचून दाखवलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवरून कुणी कायद्याच्या नावाने बोलू लागलं, तर त्याला कलम विचारा, फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा. चोराला ही हाकच नको असते. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. लाज नंतर वाटून घेता येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.