पाणवठा उघडा, काठ कोणाचा?

संगणकाच्या जगात गेल्या दहा-बारा वर्षांपासून एक वाद पेटलेला आहे. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींनी आपापसांत कसे वागावे याचे लेखी नियम असावेत की नसावेत, हा तो वाद. वरवर पाहता हा मूठभर इंजिनिअरांचा घरगुती तंटा वाटतो. दलित चळवळीशी त्याचा काय संबंध, असे आपले कार्यकर्ते विचारतील. माझे म्हणणे असे की या वादातला एकही मुद्दा आपल्याला नवा नाही. नियम कोणी लिहायचा, कोणाला आवरण्यासाठी लिहायचा आणि लिहिलाच नाही तर राज्य कोणाचे चालते, हे प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांनी महाडच्या तळ्यावर आणि परळच्या गिरण्यांत विचारलेले आहेत. तेव्हा या आचारसंहितेची समीक्षा आपण केलीच पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि वाटता येते ते मुक्त सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. आज आपल्या हातातल्या बहुतेक फोनमध्ये जी अँड्रॉइड प्रणाली असते तिच्या पोटात लिनक्सच आहे. जगभरचे लोक अशा प्रकल्पांत आपापली भर पाठवतात. काहींना त्याचा पगार मिळतो, अनेकांना मिळत नाही. आलेली भर घ्यायची की परत करायची हे प्रकल्प सांभाळणारे ठरवतात. त्यांना तिकडे मेन्टेनर म्हणतात. या देवघेवीत नवख्यांची टिंगल, शिवीगाळ, स्त्रियांचा छळ यांच्या तक्रारी वाढल्या. २०१४ मध्ये कोरालाइन एडा एम्की यांनी ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ नावाची आचारसंहिता लिहिली आणि पुष्कळ प्रकल्पांनी ती घेतली. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या उद्धट वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वेळी लिनक्सनेही ही संहिता स्वीकारली आणि एकच गदारोळ उठला.

हा मजकूर आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत, दोन रविवार ओळीने वाचला. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो.

‘आचारसंहिता’ या शब्दाबद्दलच आपल्या मनात संशय असतो, आणि तो रास्त आहे. आपल्या वाट्याला आलेली पहिली आचारसंहिता मनुस्मृती होती. एकाच गुन्ह्याला वर्णावर्णाप्रमाणे वेगळी शिक्षा सांगणारी ती संहिता २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पुढे १९२८ च्या गिरणी संपात मालकांच्या स्थायी आदेशांवरून मोठा झगडा झाला. कामगाराने केव्हा यावे, काय केल्यास त्याला काढावे, याचे ते नियम होते. मालकाने कसे वागावे हे सांगण्याची गरज त्यांत कोणाला वाटली नव्हती. यातून संहिता तपासण्याची एक कसोटी मिळते. ती कोणाच्या वागण्याला वेसण घालते, बळवंताच्या की दुबळ्याच्या? पहिली असेल तर ती हक्काचा दस्तऐवज. दुसरी असेल तर तो चाबूक.

या कसोटीवर २०१८ मधलेच दुसरे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एसक्यूलाइट या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांचा एक भाग उचलून आचारसंहिता म्हणून लावला. टीका झाल्यावर त्यांनी त्याचे नाव बदलून नीतिनियम असे केले. त्या भागात एकेकट्या माणसाचे सद्गुण सांगितले आहेत. अपमान झालेल्याने दाद कोठे मागावी, याचे उत्तर त्यात सापडत नाही. सज्जनपणाचा उपदेश आपण पुष्कळ ऐकला आहे. त्याने विहिरी खुल्या झाल्या नाहीत.

कव्हेनंट या बाबतीत वेगळा आहे. नियम समजावून सांगण्याची आणि मोडल्यास कारवाई करण्याची जबाबदारी तो प्रकल्पाच्या प्रमुखांवर टाकतो. ताकीद, इशारा, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चढत्या पायऱ्या तो सांगतो. म्हणून मी त्याला हक्काच्या दस्तऐवजांच्या रांगेत बसवतो. मात्र रांगेत बसवणे म्हणजे ओवाळणे नव्हे.

आता विरोधकांचे ऐकू. त्यांचे मुख्य म्हणणे असे की आज्ञावलीला जात नसते, लिंग नसते. ती चालते किंवा चालत नाही. येथे फक्त गुणवत्ता पाहिली जाते. नियम आणले की गुणवत्ता मागे पडते. हे वाक्य ऐकून आपल्यापैकी कोणाला मंडलनंतरचे १९९० चे दिवस आठवले नाहीत तर नवल! गुणवत्तेच्या राज्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो मायकेल यंग यांच्या १९५८ च्या पुस्तकामुळे रूढ झाला, आणि ते पुस्तक अशा राज्याची थट्टा करण्यासाठी लिहिलेले होते. थट्टा विसरली गेली, शब्द मिरवला गेला.

आज्ञावलीला जात नसते हे खरे आहे. पण ती पाठवणाऱ्याला नाव असते आणि नावाला आडनाव असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रियांची भर, त्या स्त्रिया आहेत हे कळत नसे तेव्हा अधिक प्रमाणात स्वीकारली जाई. ओळख कळली की प्रमाण घटे. तिकडे पहिल्या नावावरून स्त्री ओळखतात, इकडे आडनावावरून जात ओळखतात. आमच्या वाचनात एक विद्यार्थी म्हणाला, “सर, एका मेळाव्यात मी माझे काम दाखवत होतो. समोरच्याने पहिला प्रश्न कामावर विचारलाच नाही. पूर्ण नाव काय, असे विचारले. दुसरा प्रश्न, प्रवेश कुठल्या यादीतून मिळाला?” त्याने नंतर त्या प्रकल्पाला काही पाठवले नाही. तो गुणवत्तेत हरला, अशीच तिथे नोंद राहील. किंबहुना नोंदही राहणार नाही. जो आलाच नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

कापड गिरण्यांत हेच घडत होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथे धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, म्हणून ते खातेच आपल्या माणसांना बंद. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत आयुष्यभर रिंग खात्यात राहिले ते याच कारणाने. ही बंदी कोणत्याही स्थायी आदेशात छापलेली नव्हती. तिला कागदाची गरजच नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बोलतानाही त्यांनी तो पुन्हा मांडला आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. वर्ग एक असला की जात आपोआप गळते, असे म्हणणाऱ्या कॉम्रेडांना ते उत्तर होते. छंद एक असला की जात गळते, असे म्हणणाऱ्या आजच्या प्रोग्रॅमरांनाही तेच उत्तर लागू पडते. लेखी नियम नसतो तिथे नियमांचा अभाव नसतो, तिथे रूढीचे राज्य असते.

यावर कोणी म्हणेल, मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात समता आधीच लिहिलेली आहे. ते खरे आहे. १९९८ पासून प्रचारात असलेल्या ओपन सोर्सच्या व्याख्येत, कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा गटाविरुद्ध परवान्याने भेद करू नये, असे कलम आहे. पण आपल्याजवळही असे कलम होते. सी. के. तथा सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्यावर आपल्यापैकी कोणाला पाणी पिता आले नाही. पाणी खुले होते, काठ बंद होता. परवाना पाण्याविषयी बोलतो. काठावर कोण उभे राहील, कोणाला हुसकले जाईल आणि हुसकल्यावर साक्ष कोण देईल, याविषयी तो गप्प असतो. आचारसंहिता हा काठाचा कायदा आहे. ज्यांना काठावरून कधीच कोणी हुसकले नाही त्यांना या कायद्याची गरज दिसत नाही, यात आश्चर्य नाही.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे स्थानही नीट समजून घेतले पाहिजे. खोताच्या वाडीत आज लोक लाकडी गॅलऱ्यांचे फोटो काढायला येतात. ज्या खोत घराण्याच्या नावाने ही वाडी ओळखली जाते त्याच्याकडून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी जागा घेऊन घरे बांधली. त्या घराण्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मात्र माझ्या रत्नागिरीच्या आजोबांच्या तोंडी खोत हा शब्द वेगळ्या अर्थाने येई. कोकणातला खोत सरकार आणि कुळ यांच्या मध्ये उभा असे. सारा गोळा करण्याच्या हक्कातून तो गावाचा धनी होई. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते या मधल्या सत्तेविरुद्ध. मुक्त सॉफ्टवेअरची जमीनही कोणा एकाची नसते. पण भर स्वीकारण्याची वही ज्याच्या हाती, तो खोत होऊ शकतो. त्याला वाईट माणूस ठरवण्याची गरज नाही. वहीला हिशेब लावण्याची गरज आहे.

आता संहितेच्या मजकुराकडे. कोणत्या कारणावरून भेद करू नये, याची तिच्यात लांबलचक यादी आहे. लिनक्सने २०१८ मध्ये जी १.४ ही आवृत्ती घेतली तिच्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, शिक्षण, शरीराची ठेवणसुद्धा होती, जात नव्हती. भारतातले एवढे लोक या क्षेत्रात असताना जात कोणाला सुचली नाही, कारण त्यांत जे पुढे होते त्यांना ती बोचत नव्हती. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरला जातीवरून वागवल्याबद्दल खटला भरला. २०२१ मध्ये संहितेच्या २.१ या आवृत्तीत ‘जात’ हा शब्द आला. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीतही तो आहे. या एका शब्दाचे मोल मी कमी लेखत नाही. ज्याला नाव नाही त्याची तक्रार लिहिता येत नाही.

पण २.१ पुढे वाचत गेलो की उणीव दिसते. जात फक्त प्रतिज्ञेत आहे. निषिद्ध वर्तनाची उदाहरणे येतात तेव्हा लैंगिक भाषा आहे, छळ आहे, कोणाचा पत्ता उघड करणे आहे. जातीचे एकही उदाहरण नाही. आडनाव खोदून विचारणे, राखीव जागेवर विनोद करणे, ताटातल्या अन्नावरून माणूस ओळखणे, हे संहितेला माहीतच नाही. उलट वैयक्तिक आणि राजकीय हल्ले तिने निषिद्ध ठरवले आहेत. आपल्या देशात जातीविषयी तोंड उघडणे हेच राजकारण समजले जाते. तेव्हा जातीची तक्रार करणाऱ्यालाच या कलमाखाली गप्प बसवता येईल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे बळ कशात आहे? त्याने कृत्ये नावानिशी मोजली. अमंगळ पदार्थ खायला लावणे, नग्न धिंड काढणे, असे स्पष्ट लिहिले. संहितेनेही तेच करायला हवे.

असे करता येते याचा पुरावा मुंबईतच आहे. पवईची आयआयटी फॉसी प्रकल्पातून शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करते. त्याच आवारात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या वर्षीच्या जुलै अखेरीस संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रवेश परीक्षेतला क्रमांक किंवा जात कळेल असे काही दुसऱ्याला विचारू नये, जातीवाचक विनोद करू नयेत, असे त्यांत होते. कृत्याला नाव मिळाले! पण दोन-तीन महिन्यांतच तिथल्या खाणावळीत काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. एका कागदाने जातीला बंदी केली आणि दुसऱ्याने ती ताटावर आणून बसवली. सूचना कोणत्या शब्दांत आहेत याइतकेच दंड कोण ठरवतो हे महत्त्वाचे असते.

म्हणून संहितेच्या विरोधकांचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. समितीच्या हाती शिक्षेचा अधिकार दिला की समितीच नवी खोत होते, असे ते म्हणतात. २०२४ मध्ये पायथन भाषेच्या एका जुन्या, नामवंत विकासकाला तीन महिने निलंबित केले गेले तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. ही भीती खोटी नाही. परंतु तिचा उपाय संहिता फाडणे हा नव्हे. समिती निवडलेली असावी, तिच्या निर्णयाला कारणे जोडलेली असावीत, वर अपील असावे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीला बजावले होते की राबवणारे वाईट असतील तर चांगली घटनाही वाईट ठरते. म्हणून त्यांनी घटना नको म्हटले नाही.

आपल्या तरुणांपुढे दोन मार्ग आहेत. नाव बदलून, आडनाव गाळून काम पाठवत राहणे हा एक. तो कोणी घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. पोटाचा प्रश्न असतो. दुसरा मार्ग असा की जिथे काम करतो तिथली संहिता मागून घ्यावी, जात शब्द नसेल तर तो घालण्याची भर पाठवावी, उदाहरणे आपल्या अनुभवातून लिहावीत आणि समितीत जागा मागावी. मुक्त सॉफ्टवेअरची एक गोष्ट खरोखरच चांगली आहे. तिथली संहिताही आज्ञावलीसारखी उघडी असते. कोणीही तिच्यात दुरुस्ती सुचवू शकतो. मनुस्मृतीत ती सोय नव्हती. दुरुस्ती नाकारली गेली तर नाकारणाऱ्याचे नाव आणि कारण सर्वांच्या नजरेसमोर राहील. १९२७ मध्ये नगरपालिकेच्या ठरावाला अर्थ आला तो ओंजळ पाण्यात गेल्यावर. या कागदालाही अर्थ यायचा असेल तर आपल्या माणसांनी आपल्या पूर्ण नावाने तिथे लिहिले पाहिजे.