सर्पगंधा, खाजकुहिली आणि गुळवेल : वनौषधी-संशोधनातील पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावरील वनौषधीविषयक संशोधनलेखांची एक ठरावीक घडण झालेली आढळते. परिसरातील वनस्पतींची स्थानिक व शास्त्रीय नावे, वापरला जाणारा भाग आणि व्याधी यांची सारणी दिली जाते. त्यानंतर अल्कलॉइड, टॅनिन, सॅपोनिन इत्यादींच्या प्राथमिक चाचण्या होतात आणि अखेरीस पारंपरिक उपयोगास शास्त्रीय आधार मिळाल्याचा निर्वाळा दिला जातो. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी अभ्यासाची सामग्री बांधावरच उपलब्ध असल्याने हा विषय निवडला जाणे स्वाभाविक आहे. विषयाची निवड योग्यच होय. आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या अधिकाराविषयी. वनस्पतीत एखादे द्रव्य सापडणे आणि त्या वनस्पतीने रोग बरा होणे या दोन विधानांमधील अंतर किती मोठे आहे, हे पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

सर्पगंधा : परंपरेच्या दाव्यांची निवड

सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, उन्माद व निद्रानाश यांवर परंपरेने वापरले जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले.

या इतिहासाचा उल्लेख 'परंपरा खरी ठरली' असा सरसकट केला जातो. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. शांत करण्याचा गुण खरा ठरला. सर्पदंशावरील उताऱ्याचा दावा मात्र टिकला नाही. रक्तदाब मोजण्याचे साधनच नसल्याने परंपरेला तो रोग आजच्या अर्थाने ज्ञात असणे शक्य नव्हते. म्हणजे विज्ञानाने परंपरेवर केवळ शिक्कामोर्तब केले नाही, तर तिच्यातील दाव्यांची निवड केली आणि एक नवा उपयोग सिद्ध केला. डॉ. वकील यांचे सामर्थ्य मापनात होते.

खाजकुहिली : रोगाचे ज्ञान नसताना मुके राहिलेले द्रव्य

खाजकुहिलीच्या बियांतून एल-डोपा हे द्रव्य दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. तरीही पुढील वीस वर्षे त्याचा औषधी अर्थ कोणास उमगला नाही. तो उलगडला रोगाच्या बाजूने. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, हे १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी यांच्या गटाने दाखविले. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा दिला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर व हॉर्निकिविच यांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची उणीव सिद्ध केली. भारतीय परंपरेला परिचित असलेल्या दोन वनस्पतींतील द्रव्ये अशा रीतीने एकाच प्रयोगात समोरासमोर आली. एकाने निर्माण केलेली उणीव दुसऱ्याने भरून काढली.

खाजकुहिलीच्या चूर्णाच्या चिकित्सालयीन चाचण्या यानंतरच्या आहेत. १९९५ मध्ये भारतात ६० रुग्णांवरील आणि २००४ मध्ये लंडन येथे ८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींची फलश्रुती आशादायक असली तरी रुग्णसंख्या अल्प आहे, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, १९३७ मध्ये द्रव्य हाती होते, परंतु प्रश्न हाती नव्हता. केवळ द्रव्यांची यादी देणारे संशोधन आजही त्याच टप्प्यावर थांबते.

गुळवेल : ओळखीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील वैद्यकांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती, हे तपासले गेले नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. रुग्णहिताच्या दृष्टीने वृत्तान्तातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि ओळखीविषयीचा आक्षेपही पद्धतीच्या दृष्टीने रास्त आहे. मात्र हाच निकष उपकाराच्या दाव्यांनाही लावावा लागेल. वाळवून जतन केलेला, तज्ज्ञाने ओळख पटविलेला नमुना नसेल, तर 'गुळवेल गुणकारी आहे' हे विधानही तितकेच निराधार ठरते.

निष्कर्ष

ग्रामीण महाविद्यालयाकडे चिकित्सालयीन चाचणीची साधने नसतात, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु प्रमाणित नमुना जतन करणे, काढा किंवा चूर्ण करण्याची कृती, मात्रा व अनुपान यांची काटेकोर नोंद करणे, द्रव्य आहे किंवा नाही एवढ्यावर न थांबता त्याचे प्रमाण मोजणे आणि नकारात्मक निष्पत्तीही प्रसिद्ध करणे, ही कामे मर्यादित साधनांत साध्य आहेत. अशी नोंद पुरावा नव्हे. मात्र तिच्यावाचून पुराव्याचे काम सुरूच होऊ शकत नाही. जे लेख या नोंदीलाच पुरावा म्हणतात, ते विज्ञानाची फसगत करतातच, शिवाय त्यांच्या भरवशावर चालू औषध थांबवून काढा घेणाऱ्या रुग्णालाही धोक्यात टाकतात.