गाडी उलटली कोणी? बालकांच्या चित्रपुस्तकांतील भीमराव

धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरास दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर ग्रंथविक्रीची जी रांग लागते, तिचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले आहे, आणि ते यथार्थ आहे. त्या रांगेच्या एका कडेला, दिनदर्शिका, बिल्ले आणि मूर्ती यांच्या शेजारी, लहान मुलांची रंगीत पुस्तके मांडलेली असतात. सोळा किंवा चोवीस पाने, गुळगुळीत मुखपृष्ठ, आणि निळा रंग मुक्तहस्ताने वापरलेला. समीक्षकाची दृष्टी त्यांच्याकडे सहसा वळत नाही. आमचीही वळली नसती. विहारातील रविवारच्या बालवर्गासाठी अशी काही पुस्तके आम्ही घेतली, सहा-सात वर्षांच्या मुलांसमोर उघडली, आणि मुलांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे त्या पुस्तकांत नव्हती, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

या पुस्तकांतील बाल भीमराव हा बालक नाही. चेहरा पन्नाशीतील बाबासाहेबांचा, फक्त आकाराने लहान केलेला. कपाळ रुंद, नजर दूर कोठेतरी लागलेली, क्वचित मस्तकामागे तेजोवलयही. तिसऱ्या पानावर तो वर्गाबाहेर तरटावर बसलेला असतो, सातव्या पानावर बॅरिस्टरच्या झग्यात उभा असतो. मधल्या काळात तो वाढत नाही. खोड्या करीत नाही, घाबरत नाही, त्याला भूक लागत नाही. ज्या धम्मात प्रत्येक गोष्ट कारणांतून उत्पन्न होते असे आपण मुलांना शिकवितो, त्या धम्माच्या अनुयायांनी आपल्या उद्धारकर्त्यास मात्र जन्मतःच पूर्ण झालेला दाखवावा, यात विसंगती आहे. अवताराची कल्पना आपण बावीस प्रतिज्ञांबरोबर सोडली. चित्रकाराच्या कुंचल्यात ती अद्याप शिल्लक आहे असे दिसते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप एका विशिष्ट चित्राविषयी आहे. ते चित्र म्हणजे उलटलेली बैलगाडी.

आम्ही चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत ते आहेच. गाडीवान क्रुद्ध, डोळे लाल, हात उगारलेला. जू वर उचललेले, आणि नव्या कपड्यांतील मुले धुळीत लोळत आहेत. काही लोकप्रिय चरित्रांत ही हकीगत अशीच येते, तेव्हा चित्रकाराचा दोष केवळ अर्धा मानावा लागेल. मात्र या प्रवासाविषयी स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवलेले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे इंग्रजी टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट झाले. त्यानंतर निघालेल्या पुस्तकांना अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. आणि या टिपणात गाडी उलटत नाही.

काय घडते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चित्रपुस्तकाची सगळी सामग्री तेथे तयार आहे. साल सुमारे १९०१. आई वारलेली. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, एका तलावाच्या खोदकामावर, खजिनदार आहेत. साताऱ्यास घरात मुले आणि एक आत्या. ती अत्यंत मायाळू, पण पायांनी अधू. मुले शाळेत जातात आणि स्वयंपाकही स्वतःच करतात. भाकरी जमत नाही, म्हणून तांदूळ व मटण एकत्र शिजवून पुलाव करतात, कारण तोच सोपा. सुट्टीत वडिलांकडे जायचे ठरते. आगगाडी कोणीच पाहिलेली नाही. नवे विलायती सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. स्टेशनवर थोरला भाऊ प्रत्येकी दोन आणे खाऊला देतो आणि नऊ वर्षांचा भीमराव पहिल्या झटक्यास लेमोनेडची बाटली मागवितो. मसूर स्टेशनवर संध्याकाळी पाचच्या सुमारास मुले उतरतात. न्यावयास कोणी आलेले नाही. फलाट रिकामा होतो. स्टेशनमास्तर येतो, मुलांचे कपडे पाहून ती ब्राह्मणांची समजतो, आणि आपुलकीने विचारपूस करतो. तुम्ही कोण, हा प्रश्न येतो. भीमराव क्षणाचाही विचार न करता खरे सांगतो. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो आणि तो निघून जातो.

बस, एवढेच. कोणी हात उगारला नाही, कोणी ढकलले नाही. अर्ध्या तासाने तोच स्टेशनमास्तर परत येऊन गाडीची तजवीज करू पाहतो. गाडीवान तयार नाहीत. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने पायी चालावे. थोडे अंतर गेल्यावर एका कोरड्या नदीपाशी थांबतात. डबा उघडतात. डबक्यातले पाणी गुरांच्या मलमूत्राने इतके दूषित की दुर्गंधीने जवळ जाववत नाही, म्हणून डबा तसाच बंद होतो. अंधार पडतो. गाडीवान, ज्याला विटाळाचे भय होते, तो एकाएकी उडी मारून मुलांशेजारी गाडीत येऊन बसतो आणि स्वतः हाकू लागतो. मुलांना वाटते, हा आपल्याला मारणार. पुढे टोलनाका लागतो. तेथील माणूस हिंदू आहे, तेव्हा आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहा, असा सल्ला गाडीवान देतो. भीमराव उर्दूत पाणी मागतो. ते मिळत नाही. भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपतात. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वडिलांकडे पोहोचतात. निरोपाचे पत्र आले होते, नोकराने ते वडिलांच्या कानावर घातलेच नव्हते.

उलटलेली गाडी चितारण्यास सोपी आहे. एक दुष्ट, काही निष्पाप, मध्ये धूळ. मूल पान पाहते आणि समजते की अस्पृश्यता म्हणजे एका लाल डोळ्यांच्या माणसाचा राग. राग शांत झाला की संपली. बाबासाहेबांनी जे लिहिले त्यात खलपुरुष कोणीच नाही, आणि म्हणूनच त्यातून सुटकाही नाही. स्टेशनमास्तर दयाळू आहे. गाडीवान पोटासाठी गाडी हाकणारा आहे, आणि काळोख पडताच त्याचा विटाळ कोठे जातो ते कोणी सांगू शकत नाही. व्यवस्था म्हणजे काय हे मोठमोठ्या ग्रंथांतून जे आपण शिकतो, ते या गाडीच्या साटीवर नऊ वर्षांच्या मुलाने पाहिले. हे बालकांस कळणार नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा बालकांसमोर ते वाचून पाहावे.

आम्ही वाचले. पुस्तके बाजूस ठेवून, टिपणातील हकीगत साध्या मराठीत सांगितली आणि मुलांपुढे कोरे कागद ठेवले. त्यापूर्वी, उलटलेल्या गाडीचे पान पाहत असता एका लहानग्याने ते पान तीन-चारदा पुढे-मागे उलटले होते. काय शोधतोस, असे विचारता तो म्हणाला, “मग ती पोचली का?” पुढील पानावर एल्फिन्स्टन हायस्कूल होते. त्या पुस्तकात ती मुले कधीच पोहोचत नाहीत. धुळीतच राहतात. दुःख दाखवून मुलाला तेथेच सोडून देणे आणि पुढच्या पानावर कीर्ती दाखविणे, यास आम्ही संस्कार म्हणणार नाही. मूळ हकीगतीशी प्रामाणिक राहिले असते तर वडील भेटले असते. सत्य आणि करुणा येथे एकाच पानावर होती.

मूळ हकीगत ऐकल्यावरचा दुसरा प्रश्न एका मुलीचा. “त्यानं लेमोनेड थोडं शिल्लक का नाही ठेवलं?” आम्हांस उत्तर सुचले नाही. चित्रपुस्तकाचे सामर्थ्य नेमके येथे असते. एका पानावर दोन आण्यांची बाटली, पुढे चार पानांनंतर टोलनाक्यावर रिकामे भांडे. मध्ये एक शब्दही नको. मूल स्वतः ती दोन चित्रे जोडते. आमच्या बालपुस्तकांतून मात्र लेमोनेड गळलेले आहे. कदाचित महापुरुषाने लेमोनेड पिणे संपादकास शोभले नसावे.

वर्गानंतर एका उपासिकेने आमची खरडपट्टी काढली, तीही नोंदविणे प्राप्त आहे. तिचे म्हणणे असे: माझ्या मुलीला शाळेत कोणी काही विचारीत नाही, ती पहिलीत आहे, तिला हे आताच कशाला? आता ती घरी येऊन विचारणार, आपण कोण? आम्ही या आक्षेपास हलका मानीत नाही. मुलाने निर्भय वाढावे म्हणूनच तर हा सगळा लढा. परंतु बाबासाहेबांच्याच लेखनाकडे पाहावे. या प्रवासापूर्वीच आपण अस्पृश्य आहोत हे त्यांस ठाऊक होते. शाळेत घरून नेलेले तरट होते, शिपायाने नळ सोडला तरच पाणी होते, न्हावी केस कापीत नसे म्हणून ते काम बहीण करीत असे. ठाऊक होते, पण सवयीचे झाले होते. मसूरच्या फलाटावर सवय मोडली. मुले आपल्याला वाटते त्याहून आधी जाणतात. फक्त त्यांना ते कोणी सांगितलेले नसते, आणि मग प्रश्न फलाटावर एकट्याने झेलावा लागतो. तो आधी आईच्या मांडीवर, चित्रांच्या सोबतीने यावा, एवढेच आमचे म्हणणे. त्या उपासिकेचे समाधान झाले असे मात्र आम्हांस सांगता येत नाही.

मराठीबाहेर काय झाले आहे? अमर चित्रकथेने बाबासाहेबांवरील अंक १९७९ मध्ये काढला. त्या मालिकेच्या ठरीव चौकटीत नायक सदैव ताठ असतो, येथेही आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे नाही. तूलिका या चेन्नईच्या प्रकाशनाने २०१५ मध्ये सौम्या राजेंद्रन यांचे, सात्विक गडे यांच्या चित्रांचे पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकातच ‘का’ असे विचारणारा मुलगा आहे, आणि प्रश्न हाच धागा धरणे ही गोष्ट लहान वयास फार मानवणारी. खरी उंची ‘भीमायन’ने गाठली. नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली. तेथे चौकटी नाहीत, कारण कोणाला चौकटीत कोंडणे त्या कलेस मान्य नाही. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि बोचरे बोलणे विंचवाच्या नांगीसह. लहान मुलाला अक्षर वाचता येण्यापूर्वीच कळते की हा माणूस डंख करीत आहे. ते पुस्तक पहिलीतल्या मुलासाठी नाही, त्याचा मजकूर मोठ्यांसाठी आहे. शीर्षकातील ‘रामायणा’ची सावलीही आम्हांस रुचली नाही. पण विंचवाची ती नांगी आमच्या वर्गातील मुलांनी क्षणात ओळखली. लाल डोळ्यांपेक्षा ती कितीतरी खरी आहे.

हाच दोष भगवान बुद्धांवरील आपल्या बालपुस्तकांतही आहे, आणि तेथे तो अधिक अक्षम्य. रथात बसलेला राजपुत्र, वाटेत वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी, हे चार देखावे अद्याप विहारात वाटल्या जाणाऱ्या पुस्तकांतून छापले जातात. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीस न पटणारी म्हणून नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा तेथे ठेवला. नळावरच्या रांगेत भांड्यास भांडे लागलेले ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना रथापेक्षा तो तंटा लवकर कळेल. त्याच ग्रंथात कुमार सिद्धार्थ वडिलांच्या शेतावर जातो, उन्हात अर्धवस्त्र राबणारे मजूर पाहतो आणि एकाने दुसऱ्याच्या श्रमावर जगावे हे योग्य कसे, असे मित्रांना विचारतो. इतके उत्तम चित्र हाती असता आपले प्रकाशक राजवाड्यातील कारंजी रंगवीत बसतात. जखमी हंस तेवढा सर्वत्र आढळतो, त्याबद्दल आभार.

मुलांनी त्या दिवशी काढलेले कागद आम्ही विहारात एका दोऱ्यावर लावले आहेत. लेमोनेडची बाटली इंजिनाहून मोठी आहे. बैलांना सहा-सहा पाय आहेत. दोन मुलींनी वडिलांना पांढरी दाढी लावून त्यांच्याभोवती मुलांना उभे केले आहे. एका मुलाने स्टेशनमास्तर काढावयास घेतला. पहिल्या चौकोनात टोपी, मिशी आणि हसरे तोंड आहे. दुसरा चौकोन आखून त्याने तो कोराच ठेवला. रंग संपले का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, चेहरा येत नाही. पुढील तीन रविवारी तो येत राहिला, खडू हातात घेऊन कागदासमोर उभा राहिला, आणि तो चौकोन अजून कोरा आहे.