फळे, फुले आणि पांढरा रुमाल

महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाला धर्म म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणाला पडत नाही. तो पडला अमेरिकेतल्या न्यायाधीशांना. न्यू जर्सी राज्यातल्या पाच सरकारी हायस्कुलांत १९७५-७६ साली हे ध्यान, त्यामागच्या तत्त्वज्ञानासकट, ऐच्छिक विषय म्हणून शिकवले गेले. त्याविरुद्ध दावा झाला. १९७७ साली खालच्या आणि १९७९ साली वरच्या कोर्टाने निकाल दिला, की हा धर्म आहे, सरकारी शाळेत त्याला जागा नाही.

निकालपत्र म्हणजे रुक्ष कागद, अशा समजुतीने वाचू लागावे, तर मध्येच समोर येते ती चक्क पूजा! मुलाने रविवारी शाळेबाहेरच्या जागी जायचे. बरोबर फुले, फळे आणि पांढरा हातरुमाल न्यायचा. आत ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांची तसबीर. शिक्षक संस्कृतातून पूजा म्हणतो, उपचार अर्पण करतो, आणि मग मुलाला त्याचा मंत्र मिळतो. पूजेवाचून मंत्र नाही.

चळवळीचा पक्ष असा, की ही निव्वळ लौकिक कृतज्ञता आहे. आता हा रुमाल कशासाठी, हे आपल्या घरातल्या कुणाही आजीला सांगावे लागणार नाही. आवाहन, आसन, स्नान झाले, की वस्त्र. पुढे गंध, अक्षता, धूप, दीप, नैवेद्य, तांबूल. वंदन कुणाला, तर नारायणापासून ब्रह्मदेव, वसिष्ठ, पराशर, व्यास, शुक, गौडपाद, शंकराचार्य अशा परंपरेला. आणि गुरूलाच ब्रह्मा-विष्णु-महेश म्हणणारा श्लोक तर आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. कृतज्ञता यात आहेच. पण ज्या कृतज्ञतेला नैवेद्य लागतो तिला मराठीत पूजा म्हणतात. मुलांना संस्कृत कळत नव्हते, हा बचाव तर मला उलटाच वाटतो. ज्याला कळते तो निदान नकार देऊ शकतो.

तरीही न्यायाधीश अॅडम्स यांनी जोडलेले वेगळे मत मला अधिक आवडले. अंतिम प्रश्नांची उत्तरे, त्यांची सर्वव्यापकता आणि बाह्य विधी-संघटना, अशा तीन खुणांवरून ते धर्म ओळखू पाहतात. आणि नुसते ध्यान, विश्रांतीचा उपाय म्हणून, कदाचित धर्म ठरणार नाही, अशी वाट मोकळी ठेवतात. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे डोळे मिटून बसणाऱ्यावर त्यांचा राग नाही. एक मात्र त्यांना आपल्याइतके जाणवणे कठीण. ते धर्म शोधतात तो मुख्यतः मतांत. आपल्याकडे मत काहीही असो, हात काय करतात ते पाहतात.

आणि नावाचे म्हणाल, तर ते पुढ्यातले दार पाहून ठरते. स्वामिनारायण पंथाचे काही सत्संगी कोर्टात म्हणाले होते, की आम्ही हिंदूच नव्हे. हेतू हा, की हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्याला लागू नये. १९६६ साली आपल्या साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी ते म्हणणे फेटाळले. तिथे दार बंद ठेवायचे होते, न्यू जर्सीत उघडून घ्यायचे होते. निमित्त मात्र एकच, "आम्ही ते नव्हे".

महर्षींनी मद्रासला प्रथम चळवळ उभारली तेव्हा तिच्या नावातच आध्यात्मिक पुनरुत्थान होते. पुढे प्रयोगशाळा आल्या, १९७० साली 'सायन्स' या नियतकालिकात ध्यानावर निबंध आला, शब्द पालटले. पूजा पालटली नाही. ध्यानाने मन निवते, असे अनेकांचे सांगणे आहे, ते खोटे मानण्याचे मला कारण नाही. पण निवलेल्या मनाचा दाखला पूजेला लौकिक करीत नाही, जसा उपासाने हलके झालेले पोट एकादशीला आहारशास्त्र करीत नाही.

शाळामास्तर म्हणून मला टोचते ते निराळेच. आपल्या शाळांतल्या शारदापूजनाला आपण 'संस्कृती' म्हणून मोकळे होतो. वर्गातल्या एखाद्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलीला हार घालायला पुढे करताना तिला काय वाटते, हे कुणी विचारलेले मी पाहिलेले नाही.

शिकागोच्या सरकारी शाळांत चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या प्रतिष्ठानाने असाच ध्यानाचा उपक्रम चालवला. त्यावरून एका विद्यार्थिनीने केलेला दावा २०२३ साली दीड लाख डॉलर देऊन मिटला. तिच्याही तक्रारीत पूजा होतीच.