शाब्दिक उदाहरणे : शब्द कोठे हरवले?

‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना हे उदाहरण घालण्यात आले. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून कप्तानाचे वय काढून दाखवले! ही मुले मंद नव्हती. गणिताच्या तासाला प्रश्न विचारला की दिसतील त्या संख्यांचे काहीतरी करायचे असते, हे ती शाळेतच शिकली होती.

आपल्याकडील उदाहरणसंग्रह तरी वेगळे काय शिकवतात? प्रकरणाचे नाव ‘दशांश अपूर्णांकांचा गुणाकार’ असले, की खालची सर्व उदाहरणे गुणाकाराचीच असणार. मग कापड, तेल, पेट्रोल हे शब्द वाचायचे कशाला? दोन संख्या शोधाव्या, गुणाव्या, बिंदू द्यावा, झाले.

‘६ मजूर एक विहीर २० दिवसांत खणतात, तर ६० मजूर किती दिवसांत खणतील?’ अपेक्षित उत्तर २ दिवस. पण ६० माणसे त्या विहिरीत उभी कशी राहणार, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आगाऊ ठरतो. वास्तविक त्याने गणिताच्या मर्मावर बोट ठेवलेले असते. व्यस्त प्रमाण केव्हा लागू पडते आणि केव्हा नाही, हेच तर शिकवायचे आहे! भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक सांगताना ते कोठे वापरावे हेही सांगितले आहे. आपण रीत ठेवली, अट गाळली.

अमेरिकेतील एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते : एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांना बरोबर आला, पण ‘३२’ हे उत्तर केवळ २३ टक्क्यांनी दिले. २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. ते बारा सैनिक रस्त्यावरच राहिले!

मग शाब्दिक उदाहरणे काढूनच टाकावीत काय? मुळीच नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर होते. तसेच हिशेब नंतर कसोटी म्हणून दिले, तेव्हा शब्दांत मांडलेले ७४ टक्के बरोबर आले आणि निव्वळ संख्यांचे अवघे ३७ टक्के. म्हणजे शब्द मुलांना मदतच करतात, मात्र त्यांना अर्थ असला पाहिजे.

आपल्या वर्गातही हे दिसते. ४८ रुपये किलोची पाऊण किलो भाजी घेताना मूल अर्ध्याचे २४ आणि पावाचे १२ मिळवून ३६ म्हणते. तेच मूल वहीत ०.७५ × ४८ करताना बिंदू चुकवते. आणि तोंडी हिशेबाने ३६ लिहिले, तर ‘रीत दाखवली नाही’ म्हणून आपण गुण कापतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड ही मुलाची अपूर्णांकांची भाषा आहे. ती खोडून आपण त्याचा आत्मविश्वासच खोडत असतो.

चांगले उदाहरण कसे असावे? हे घालून पाहा : ‘एका संघाने १२.४ षटकांत ७६ धावा केल्या, तर दर षटकामागे धावा किती?’ जो शब्द वाचणार नाही, तो ७६ ला १२.४ ने भागून ६.१३ लिहील. क्रिकेट जाणणारा मात्र म्हणेल, येथे बिंदूनंतरचा ४ म्हणजे चार चेंडू, दशांश नव्हे. १२ षटके ४ चेंडू म्हणजे ७६ चेंडू. चेंडूमागे एक धाव, म्हणून षटकामागे ६. येथे शब्द टाळून उत्तर मिळत नाही.

शिक्षकांनी पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहू नये. चार प्रकरणांतील उदाहरणे मिसळून द्यावीत. एखादे अपुऱ्या माहितीचे घालावे व ‘हे सुटणार नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. आणि प्रत्येक उत्तराखाली ‘हे उत्तर पटते का?’ एवढा प्रश्न लिहवून घ्यावा. विहिरीतल्या गर्दीची शंका काढणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र खाली बसवू नये.