फाशांचा आखाडा

करमणुकीच्या खेळांचा विचार टीकाकाराने करावा की नाही, हा प्रश्न पुष्कळांस निरर्थक वाटेल. सारीपाट व बुद्धिबळ यांचे इतिहास लिहिले जातात. पण त्यांचे गुणदोष काव्यनाटकांच्या पंक्तीस बसवून कोणी तपासीत नाही, आणि बहुतांशी ते योग्यच आहे. तथापि एखादा खेळ असा निघतो की, तो खेळणारास एका हातात फासे व दुसऱ्या हातात लेखणी धरावी लागते. पात्रे निर्माण करावी लागतात, त्यांची वैरे व मैत्र्या जुळवाव्या लागतात, आणि जे घडले त्यास अर्थ द्यावा लागतो. अशा खेळाकडे वाङ्मयविचाराने पाठ फिरवावी हे आम्हांस उचित वाटत नाही. अमेरिकेत घरोघरच्या मेजांवर गेली कित्येक दशके चालत आलेली काल्पनिक कुस्तीमंडळे ही ह्याच जातीची आहेत.

ह्या खेळाची रचना साधी आहे. प्रत्येक मल्लाचे एक कार्ड असते. त्यावर त्याचे डाव, त्याचा बचाव आणि कुस्ती निकालात काढणारा त्याचा हुकमी डाव, हे सर्व क्रमांकांनिशी मांडलेले असते. फासा पडेल त्या क्रमांकाचा डाव होतो. प्रतिपक्षाच्या फाशावरून तो कितपत लागला ते ठरते. आणि शेवटी खांदे जमिनीस टेकले की सुटले, हेही फासाच सांगतो. टॉम फिलसिंगर यांनी १९८६ साली काढलेला ‘चॅम्पियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा ह्या प्रकारातील नामांकित खेळ. त्याची कथा २०८७ सालात, पृथ्वीबाहेरच्या मल्लांसह घडते. स्टार वॉरियर, थँटॉस अशी त्यांची नावे. पुढे ह्याच संस्थेने प्रत्यक्ष होऊन गेलेल्या मल्लांचीही कार्डे काढली. कार्डे विकत मिळतात, परंतु मंडळ मिळत नाही. ते ज्याचे त्याने चालवावयाचे असते. कोणाची कुस्ती कोणाशी लावावी, अजिंक्यपदाचा पट्टा कोणाकडे आहे, कोणाचे कोणाशी का बिनसले, ह्याची वही तो चालक वर्षानुवर्षे लिहीत राहतो.

येथवर ऐकून वाचक म्हणेल की, फाशांवर खेळण्याजोगे इतके खेळ असता कुस्तीच का? ह्या प्रश्नाच्या उत्तरातच सारे मर्म आहे. मराठी माणसास कुस्ती म्हटली की कोल्हापूरचे खासबाग मैदान आठवते. तेथील प्रेक्षक बळाचा व डावपेचांचा खरा निवाडा पाहावयास आलेला असतो. निकाल आधी ठरला असल्याचा नुसता वास आला तरी तो ‘नुरा कुस्ती’ म्हणून तिची संभावना करतो. ह्या शब्दाहून मोठी शिवी आपल्या आखाड्यात नाही. अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीची तऱ्हा नेमकी उलट आहे. तेथे नुरा हाच धंद्याचा पाया. कोण जिंकणार हे पडद्यामागे बसलेला एक मनुष्य आधी ठरवितो. त्यास तेथे ‘बुकर’ म्हणतात. हे गुपित धंद्यातील माणसांनी दीर्घकाळ कसोशीने सांभाळले. पुढे १९८९ साली डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. ह्या बड्या संस्थेने क्रीडानियंत्रणाच्या जाचातून सुटण्यासाठी न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपण होऊनच सांगून टाकले की, आमचा व्यवसाय करमणुकीचा आहे, स्पर्धेचा नव्हे. फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ यांनी तर त्यापूर्वीच, १९५७ सालच्या ‘मिथॉलॉजीज’ ह्या ग्रंथात, पॅरिसमधील अशा कुस्त्यांविषयी लिहिताना त्यांस नाटकाच्या रांगेत बसविले होते. मुष्टियुद्धात प्रेक्षक निकालाकडे डोळे लावून बसतो, ह्या कुस्तीत मात्र क्षणाक्षणाचा आविर्भाव पाहतो. दुष्टाचा माज, सज्जनाची वेदना आणि अखेरचे पारिपत्य शेवटच्या बाकावरूनही स्वच्छ दिसावे हीच तिची कला, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

आता फाशांकडे वळू. बेसबॉलचे फाशांचे खेळ अमेरिकेत ह्याहून जुने आहेत. ‘ॲपबा’ १९५१ साली निघाला, ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. त्यांचे प्रयोजन उघड आहे. मैदानावरचा खेळ अनिश्चित असतो. ती अनिश्चितता खेळाडूंच्या आकडेवारीच्या प्रमाणात मेजावर उतरवावयाची, इतकेच फाशाचे काम. परंतु कुस्तीच्या बाबतीत फाशाने नक्कल करावी अशी अनिश्चितता मुळात नाहीच. मूळ वस्तू लिहिलेली. तिची नक्कल मात्र दैवाधीन! ह्या विपरीत व्यवस्थेत फासा एक नवेच कार्य करतो. मंडळाचा चालक हा बुकर आहे, पण त्याचे अर्धे अधिकार काढून घेतलेले आहेत. कुस्ती तो लावील, वैर तो पेटवील, पण जिंकणार कोण हे त्यास कोणाही प्रेक्षकाइतकेच अज्ञात. नाटक लिहिणाराने पाचवा अंक उघडेपर्यंत आपल्याच नायकाचे भवितव्य जाणू नये, अशी ही अट आहे.

ह्या अटीची कसोटी केव्हा लागते ते पाहण्याजोगे आहे. समजा, चालकाने एका खलपुरुषाकडे वर्षभर पट्टा ठेवला. त्याने नायकाच्या गुरूस जायबंदी केले. नायक एकेक पायरी चढत अखेर त्याच्यासमोर उभा राहिला. सर्व कथा ह्या एका कुस्तीकडे वाहत आली आहे. आणि फासे असे पडतात की, नायक तिसऱ्या डावातच चीत होतो. आता चालकापुढे तीन वाटा असतात. फासे पुन्हा टाकावेत, ही पहिली. खोलीत दुसरे कोणी नाही, वही त्याच्याच हाती आहे, विचारणारा कोण? निकाल नोंदवून अपघात म्हणून विसरून जावे, ही दुसरी. तिसरी वाट अशी की, निकाल शिरोधार्य मानावा आणि मग विचारावे: हा मनुष्य इतक्या लवकर का पडला? सूडाच्या आवेशात त्याचा तोल गेला काय? गुरूची शिकवणच अपुरी होती काय? पराभवानंतर तो काय करील?

आमच्या मते ह्या खेळातील वाङ्मय तिसऱ्या वाटेवरच जन्मास येते. पहिल्या वाटेने गेलेला चालक पुन्हा सामान्य बुकर होतो, आणि त्याची कथा त्याच्या आवडीएवढीच मोठी राहते. दुसऱ्या वाटेने जाणारा नुसता कारकून होय. तिसरीवर मात्र चालकास आपल्या पात्राविषयी असे काही शोधावे लागते, जे त्याने त्यात घातलेले नव्हते.

ह्यावर एक सबळ आक्षेप येतो. कादंबरीकार सर्व निर्णय स्वतःच करतो. मग फाशाची ही गुलामगिरी कशासाठी? आमचे उत्तर असे की, चांगला कादंबरीकारही स्वतंत्र नसतो. पात्राचा स्वभाव एकदा ठरला की, त्याच्या सोयीसाठी त्याला वाकविता येत नाही. हे बंधन लेखकाच्या अंतःकरणात असते. फाशाच्या खेळात तेच बाहेर, मेजावर, ओबडधोबड रूपात ठेवलेले असते. कार्ड हा त्या मल्लाचा स्वभावच आहे, गणिताच्या भाषेत लिहिलेला. दोन फाशांत सात हे दान छत्तीसांत सहा वेळा पडते, बारा एकदाच. कार्ड रचणारा कोणता बचाव सातावर मांडतो व कोणता बारावर, ह्यावर तो मल्ल चिवट की ठिसूळ हे ठरते. म्हणजे येथील दैव सर्वस्वी आंधळे नाही, त्यालाही एक लेखक आहेच. मात्र तो अमुक एका दिवशी काय होईल ते सांगत नाही.

ह्या विषयावरील सर्वांत मार्मिक टीका एका कादंबरीत आहे. ती कुस्तीची नव्हे, बेसबॉलची, परंतु प्रश्न हाच. रॉबर्ट कूव्हर यांची ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इंक., जे. हेन्री वॉ, प्रॉप.’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. हेन्री वॉ हा हिशेबनीस. वय छप्पन्न, एकटा. तीन फाशांवर तो बेसबॉलचे एक संपूर्ण मंडळ चालवितो. त्याचे खेळाडू म्हातारे होतात, मरतात, त्यांचे पुत्र मैदानात उतरतात. डेमन रदरफर्ड हा तरुण त्याचा लाडका. प्रतिपक्षाच्या एकाही गड्यास तळावर पोहोचू न देण्याचा दुर्मिळ पराक्रम डेमन करतो. आणि नंतरच्या एका सामन्यात एक-एक-एक हे दान लागोपाठ पडत जाऊन, जॉक केसी ह्या प्रतिस्पर्ध्याचा चेंडू लागून तो ठार होतो. हे दान एकदा पडण्याचा संभव दोनशे सोळांत एक! हेन्री हा मृत्यू मान्य करतो. त्याचे खरे स्खलन पुढे आहे: केसीस शासन व्हावे म्हणून एके दिवशी तो फासे टाकीत नाही, हाताने सहा-सहा-सहा असे मांडून ठेवतो, आणि केसीही मरतो.

हेन्रीच्या आद्याक्षरांत यहुदी परंपरेतील ईश्वराचे नाव दडले आहे, म्हणून ही कादंबरी ईश्वर व सृष्टी यांचे रूपक मानण्याची प्रथा आहे. ते रूपक तीत आहे खरे. पण तेवढेच पाहणाराच्या हातून तिचे मानवी दुःख निसटते. फासे हाताने मांडण्याच्या त्या क्षणी हेन्री दुष्ट नाही. तो शोकाकुल आहे, आणि न्याय मागतो आहे. परंतु ज्या नियमामुळे डेमनचा पराक्रम खरा होता, तोच नियम तो ह्या न्यायासाठी मोडतो. फासे हाताने मांडता येतात असे एकदा ठरल्यावर मागील पराक्रमाची किंमत काय राहिली? शेवटच्या प्रकरणात शंभर वर्षांनंतरचे खेळाडू त्या दोन मृत्यूंचा विधी करीत आहेत, आणि हेन्री कोठेच नाही. हे प्रकरण पांडित्याने थोडे जड झाले आहे; तथापि नियम मोडणाऱ्या कर्त्याचे आपल्याच सृष्टीतून नाहीसे होणे आम्हांस अचूक वाटते.

ह्या खेळाची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. फाशास हेतू कळत नाही, म्हणून ह्या कथांना शेवट नसतो; एक वैर संपते तो दुसरे सुरू होते. बहुतेक वह्या परक्यास वाचवणार नाहीत, कारण त्यांतील अर्धा रस फासा थांबण्यापूर्वीच्या क्षणात होता, आणि तो क्षण कागदावर उतरत नाही. कलाकृती ह्या पदवीस त्यांतील थोड्याच पोहोचतील.

परंतु एका गोष्टीत ह्या चालकांचे उदाहरण लेखकमात्राने डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. छापील लेखकाचे खोटे पकडावयास वाचक व टीकाकार टपलेले असतात. ह्याच्या वहीस वाचकच नाही. रात्री एकट्याने टाकलेला फासा प्रिय नायकाविरुद्ध पडला, तो उलटविणे हाताच्या अंतरावर होते, आणि तरीही पराभव पराभव म्हणूनच लिहिला गेला: ही सचोटी कोणीही न पाहिलेली असते. नुऱ्याच्या कुस्तीतून निघालेल्या एका खेळाने माणसास ती शिकवावी, हे आम्हांस विलक्षण वाटते. अशा एखाद्या चालकाची वही वाचकांच्या हाती पडली, तर तिच्यात सुंदर विजय किती आहेत हे मोजण्यापूर्वी, मनाविरुद्धचे पराजय किती आहेत ते पाहावे. तिची योग्यता तेथेच कळेल.