गुणवत्तेचे माप : मध्य प्रदेशातील दोन निकालांचे परीक्षण

उज्जैनच्या सांदीपनी आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूला एक गोष्ट हटकून सांगितली जाते. यादवकुळातील कृष्ण आणि दरिद्री सुदामा या ठिकाणी एकाच गुरूपाशी बसून शिकले. उच्च शिक्षणातील राखीव जागांचा वाद निघाला म्हणजे हीच गोष्ट पुराव्यादाखल पुढे केली जाते. आपल्याकडे विद्येच्या दारी भेद नव्हता. सवलत द्यायचीच असेल तर ती सुदाम्याला, म्हणजे गरिबाला द्या, जात कशाला पाहता, असा तिचा रोख असतो. आपल्या सभासदांपैकीही काहींना हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. म्हणून प्रारंभीच त्याचा विचार केलेला बरा.

सुदामा गरीब होता हे खरे. परंतु तो ब्राह्मण होता आणि आश्रमाच्या दारात त्याला कोणी अडविले नाही, हेही त्याच कथेत आहे. याउलट एकलव्य हा निषादराजाचा पुत्र. त्याच्या घरी दारिद्र्य असल्याचे महाभारत सांगत नाही. त्याला द्रोणाचार्यांनी शिष्य म्हणून स्वीकारले नाही ते त्याच्या कुळामुळे. एकाची अडचण रिकाम्या हाताची, दुसऱ्याची बंद दाराची. या दोन अडचणींना एकच औषध चालेल असे मानणे हा या वादातील मूळ घोटाळा होय. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा ठेविल्या. सुदाम्याची सोय झाली, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या दहा टक्क्यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांतील गरिबांना वगळण्यात आले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ही दुरुस्ती वैध ठरविली. आर्थिक निकष लावण्यास पाचही न्यायमूर्तींची हरकत नव्हती. सरन्यायाधीश लळित व न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा मतभेद प्रामुख्याने या वगळण्यावर होता. गरिबी हाच निकष असे म्हणावयाचे आणि सर्वांत गरीब त्यांनाच बाहेर ठेवावयाचे, ही विसंगती त्या दोघांनी दाखविली आणि आम्हांस त्यांचेच म्हणणे ग्राह्य वाटते.

आता मुख्य विषयाकडे वळू. वैद्यकीय प्रवेशाविषयी सर्वोच्च न्यायालयाचे जे निकाल देशभर आधारभूत मानले गेले, त्यांपैकी दोन आपल्या मध्य प्रदेशातून गेलेल्या वादांवरचे आहेत. पहिला १९८१ चा, दुसरा १९९९ चा. अठरा वर्षांच्या अंतराने दिलेले हे निकाल गुणवत्तेकडे जवळजवळ विरुद्ध दिशांनी पाहतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिल्याची पार्श्वभूमी अशी. १९८० च्या प्रवेशपरीक्षेत सर्वसाधारण उमेदवारास एकूण ५० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास ४० टक्के गुणांची किमान अट होती. ती अट पुरी करणारे राखीव गटातील उमेदवार इतके थोडे निघाले की बहुतेक राखीव जागा रिकाम्या राहण्याची वेळ आली. तेव्हा राज्य शासनाने त्या वर्षापुरती या दोन गटांसाठी किमान गुणांची अटच काढून टाकली. उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा साधा होता. आत कोणी यावे हे ठरविण्याची रीत वेगळी असली तरी शिकवण एकच आहे, अखेरची परीक्षाही एकच आहे. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणीही डॉक्टर होत नाही. तेव्हा प्रवेशाच्या वेळी दिलेल्या सवलतीने रुग्णाचे नुकसान होते, असे म्हणता येत नाही.

दुसरा निकाल डॉ. प्रीती श्रीवास्तव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने प्रसिद्ध आहे. १० ऑगस्ट १९९९ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो दिला. या वेळी प्रश्न पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचा होता. सर्वसाधारण उमेदवारास ४५ टक्क्यांची अट असताना मध्य प्रदेशाने ती अनुसूचित जातींसाठी २० व अनुसूचित जमातींसाठी १५ टक्क्यांवर आणली होती. उत्तर प्रदेशातही राखीव गटासाठी २० टक्के होते. न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ही तफावत अमान्य केली आणि त्याही पुढच्या, अतिविशेष शाखांच्या पातळीवर आरक्षण असूच नये असे सांगितले. न्यायमूर्ती मजमुदार यांचे मत अंशतः वेगळे होते. किमान गुण काही मर्यादेपर्यंत खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे, असे त्यांनी मानले.

बहुमताच्या निकालाची बाजू दुबळी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९८१ च्या युक्तिवादाला त्याने दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. अखेरची परीक्षा फक्त किमान पातळी दाखविते. प्रत्यक्ष शिक्षणाची उंची मात्र वर्गात कोण बसले आहेत यावरही ठरते. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांच्या तयारीत फार मोठी दरी असेल तर शिक्षकाने कोणाच्या गतीने शिकवावे? शिवाय पदव्युत्तर विद्यार्थी हा शिकता शिकताच रुग्णांवर उपचार करीत असतो. आपल्यापैकी जे रुग्णालयांत आजाऱ्यांच्या भेटीस जातात, त्यांना या मुद्द्याचे वजन निराळे सांगावयास नको. ज्या खाटेवर उपचार होतो ती पुष्कळदा सरकारी रुग्णालयातील गरिबाचीच असते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हा निकाल गुणांच्या घसरणीकडे एकाच दारातून पाहतो. खाजगी महाविद्यालयांतील जास्त शुल्काच्या जागा १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालापासून न्यायालयीन मान्यतेनेच भरल्या जात होत्या. त्या जागांवर तुलनेने कमी गुणांचा परंतु अधिक पैशांचा विद्यार्थी येतो, हे सर्वांस ठाऊक होते. पुढे २००५ च्या इनामदार निकालाने अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास संमती दिली. धनामुळे उतरलेल्या गुणांस ‘सोय’ म्हणावयाचे आणि जन्मजात अवहेलनेची भरपाई म्हणून उतरविलेल्या गुणांस ‘दर्जाची हानी’ म्हणावयाचे, हे कोणत्या तराजूत बसते? दोन्ही ठिकाणी रुग्ण तोच, खाट तीच.

यावर काळाने आणखी एक भाष्य केले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. कारण दिले गेले ते हेच की जागा रिकाम्या राहत आहेत. नेमके हेच कारण १९८० साली मध्य प्रदेश शासनापुढे होते. त्या वेळी ते केवळ दलित-आदिवासींसाठी होते म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आता ते सर्वांसाठी झाल्यावर ‘गुणवत्ता बुडाली’ अशी ओरड त्या मानाने किती क्षीण झाली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आणि मध्य प्रदेशात गुणवत्तेविषयी बोलताना व्यापमचे नाव टाळता येत नाही. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार २०१३ मध्ये उघडकीस आले. २००८ ते २०१२ या वर्षांत अशा मार्गाने शिरलेल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दच ठेवले. ज्या गुणपत्रिकेला आपण निर्मळ माप समजत होतो, ते माप वर्षानुवर्षे बाजारात विकले जात होते.

अमेरिकेतील वादाचा येथे ओझरता उल्लेख पुरे. १९७८ च्या बाकी निकालातही प्रश्न वैद्यकीय शाळेचाच होता : शंभरपैकी सोळा जागा राखून ठेवण्याचा. तेथील न्यायालयाने ठरावीक जागा अमान्य केल्या, परंतु वंश हा अनेक विचारांपैकी एक असू शकेल असे म्हटले. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड खटल्यात तेही दार लावण्यात आले. मात्र माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या पसंतीला त्या निकालाने हात लावला नाही. इंदूरचे डेली कॉलेज मध्य भारतातील संस्थानिकांच्या मुलांसाठी निघाले, तेव्हा त्यालाही कोणी आरक्षण म्हटले नव्हते. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, त्यावर मात्र गदारोळ झाला. महू छावणीत जन्मलेले भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्तीही एक प्रकारची सवलतच होती.

आता आपल्या व्यासपीठाचा विचार. या वादात दोन दाखले प्रवचनांतून वारंवार येतात. गुणवत्तेचे कैवारी रुपयांचा दाखला घेतात : धन्याने प्रत्येकाला त्याच्या योग्यतेप्रमाणे दिले, तेव्हा योग्यतेचा मान राखावा. आरक्षणाचे समर्थक द्राक्षमळ्यातील मजुरांचा घेतात : शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी. आमच्या मते दोघेही घाईने वाचतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात योग्यतेचा उल्लेख आहेच, तो लपविण्याचे कारण नाही. पण पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी अगदी एकाच शब्दांत शाबासकी देतो. तो शेवटचा आकडा मोजत नाही. दोघे आपापल्या आरंभापासून किती पुढे आले ते मोजतो. या मापाने पाहिले तर झाबुआच्या पाड्यातील ज्या मुलीच्या घरात पुस्तक नव्हते तिचे साठ गुण आणि इंदुरातील शिकवणी वर्गांत दोन वर्षे घालविलेल्या मुलाचे नव्वद गुण यांची तुलना एवढी सरळ राहत नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्याबाबत तर समर्थकांना सावध केले पाहिजे. तो कृपेचा दाखला आहे, मजुरीचा दर ठरविण्याचा नव्हे. आणि आरक्षण म्हणजे दिवसाअखेरचा तो दिनार नव्हेच. पदवी कोणालाही न शिकता मिळत नाही, हे १९८१ च्या निकालाने स्पष्टच केले होते. दाखल्यातील जो भाग या प्रश्नाला लागू पडतो तो आधीचा आहे. ते मजूर बाजारात का उभे होते असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. ते आळशी नव्हते, त्यांना बोलावणे आले नव्हते. राखीव जागा हे केवळ ते बोलावणे आहे. त्यापुढचे ऊन व श्रम त्यांचे त्यांनाच सोसावे लागतात.

येथपर्यंत आम्ही न्यायालयांचे व प्रवचनकारांचे परीक्षण केले. आपल्या संस्था त्यातून सुटू नयेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ मूळच्या अस्पृश्य जातीतील ख्रिस्ती व्यक्तीस मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस तो मिळाला. आपली मागणी १९८५ च्या सूसाई निकालात मान्य झाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, तीही अंमलात आली नाही. अनुसूचित जमातींना अशी अट नसल्याने भिल्ल ख्रिस्ती विद्यार्थ्याला राखीव जागा मिळते आणि त्याच वर्गातील दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला मिळत नाही. आपले धर्मशिक्षक या विसंगतीचे दुःख जवळून जाणतात. प्रवेशाचा अर्ज भरावयाच्या दिवसांत एखादे कुटुंब बाप्तिस्म्याच्या नोंदीविषयी दबक्या आवाजात विचारते. तेव्हा त्या कुटुंबाला श्रद्धाहीन म्हणून झिडकारणे सोपे असते, पण न्याय्य नसते. कायद्यानेच त्यांच्यापुढे बाप्तिस्मा आणि मुलाचे शिक्षण अशी निवड ठेविली आहे.

ही मागणी आम्ही न्याय्य मानतो. परंतु ती करणाऱ्यांचे हात स्वच्छ असावयास हवेत. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांतही राखीव जागांची तरतूद करता येऊ लागली, त्यातून अल्पसंख्याकांच्या संस्था वगळण्यात आल्या. २०१४ च्या प्रमती निकालाने ते वगळणे मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू भक्कम आहे. तथापि शासनाने आपल्या दलितांसाठी दार उघडावे असे म्हणणारे आपण, स्वतःच्या नामांकित महाविद्यालयांच्या दाराशी मात्र अल्पसंख्याकत्वाची ढाल धरून उभे राहतो, हे बाहेरून कसे दिसत असेल? भारताच्या कॅथॉलिक धर्मगुरुप्रमुखांनी डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दलित सबलीकरणाच्या धोरणात ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे हे उघडपणे मान्य केले. तसे मान्य करणारी संस्था प्रवेशाच्या यादीपाशी मूक राहू शकत नाही.

अल्पसंख्याक संस्थेने स्वतःहून दलित ख्रिस्ती, इतर दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवण्यास कोणत्याही निकालाने मनाई केलेली नाही. १९९१ च्या सेंट स्टीफन्स निकालाने आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा ठेवण्याची मोकळीक दिली, त्या निम्म्यांत कोण बसतो हे ठरविणे व्यवस्थापनाच्याच हाती आहे. मध्य भारतात १८७७ पासून काम करणाऱ्या कॅनडियन मिशनच्या वारशातील शाळा असोत की १९६८ मध्ये स्थापन झालेल्या उज्जैनच्या धर्मप्रांतातील असोत, त्यांच्या वार्षिक अहवालांत इमारती व निकालाची टक्केवारी यांच्या जोडीला आणखी एक आकडा छापला जावा, अशी आमची सूचना आहे : या वर्षी बारावीच्या विज्ञान शाखेपर्यंत किती भिल्ल व किती दलित मुलेमुली पोहोचली, आणि त्यांपैकी किती इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी गेली.